ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प घरी आला, आता पुढे? गोव्यातल्या घरासाठी पहिल्या महिन्याचा क्रम

ट्यूब अ‍ॅम्प लावल्यावर पहिल्या रात्री जो आवाज ऐकू येतो, त्यातला बराचसा ट्यूबचा, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या त्या काचेच्या निर्वात नळीचा, नसतो. काही भाग हेडफोन आणि अ‍ॅम्पच्या जोडीचा असतो, काही घरातल्या विजेचा, काही नुसता व्हॉल्यूम थोडा चढा ठेवल्याचा. आणि काही भाग काचेतला तांबूस उजेड बघून मनानं भरलेला असतो, हे कुणी कितीही नाकारलं तरी. म्हणून या लेखात खरेदीच्या याद्या नाहीत, क्रम आहे. आधी काय तपासायचं, मग काय, आणि ट्यूब बदलायची खुमखुमी महिनाभर का दाबून ठेवायची. मी फोंड्याजवळ राहतो. त्यामुळे पाऊस, विजेचा लपंडाव, पाली आणि मुंग्या यात येणारच.

आपल्याकडे नेमका कुठला प्रकार आहे?

बाजारात ‘ट्यूब अ‍ॅम्प’ या नावाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात.

पहिला प्रकार हायब्रिड. आत एखाद-दुसरी छोटी ट्यूब सिग्नल वाढवते आणि हेडफोन ढकलायचं काम ट्रान्झिस्टर किंवा आयसी करतात. स्वस्त अ‍ॅम्प बहुतेक याच जातीचे. कुठलाही हेडफोन चालतो, त्रास कमी, आणि ट्यूबचा रंगही कमीच. काही अगदी स्वस्त यंत्रांत ट्यूबला जेमतेम १२ ते २४ व्होल्ट मिळतात, खालून एक एलईडी लावून ती नारिंगी दाखवलेली असते. तुमच्या ट्यूबचा उजेड चालू करताक्षणी पूर्ण तेजात आला तर तो एलईडी आहे. खरा हीटर, म्हणजे ट्यूबच्या आतली तापणारी तार, सावकाश तापतो.

दुसरा ओटीएल, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. डार्कव्हॉइस ३३६एसई किंवा बॉटलहेड क्रॅक ही यातली प्रसिद्ध नावं. यांचा आउटपुट इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) जास्त असतो, त्यामुळे ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० किंवा ६५० शी यांचं छान जमतं आणि ३२ ओहमच्या हेडफोनशी बिनसतं. कानात घालायच्या इअरफोनला तर हे लावूच नयेत.

तिसरा ट्रान्सफॉर्मर-कपल्ड. वजनदार, महाग, आणि बऱ्याच हेडफोनांशी जुळवून घेणारा. हा तुमच्याकडे असेल तर बहुधा हा लेख तुम्हाला नकोच आहे.

आता इम्पिडन्सचं गणित एकदा करून बघू, कारण ‘ट्यूबची ऊब’ म्हणतात तिचा मोठा वाटा इथं लपलेला आहे. समजा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम आहे आणि हेडफोन ३०० ओहमचा. पण ३०० हा आकडा नाममात्र. अशा हेडफोनचा इम्पिडन्स खर्जाच्या पट्ट्यात, साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास, ५०० पर्यंत चढू शकतो. मधल्या पट्ट्यात हेडफोनला व्होल्टेजचा ७५ टक्के भाग मिळतो, खर्जात ८३ टक्के. फरक जवळपास एक डेसिबल. म्हणजे खर्ज एका डेसिबलनं उचलला गेला. हा आवाज ट्यूबचा नाही, ओहमच्या नियमाचा आहे. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडलात तरी खर्ज असाच उचलला जाईल. साधा ठोकताळा असा: हेडफोनचा इम्पिडन्स अ‍ॅम्पच्या आउटपुटच्या किमान आठपट असेल तर असा फरक नगण्य राहतो. ओटीएलमध्ये तो मुद्दाम पत्करलेला असतो. चव आवडली तर खुशाल पत्करा, फक्त ती कुठून आली ते माहीत असू द्या.

खोका उघडताना

खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. ट्यूब वेगळ्या पॅक केलेल्या असतील तर प्रत्येकीच्या काचेवर आतून चांदीसारखा चकाकणारा डाग दिसतोय का बघा. तो गेटर. नळीत उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी बेरियमचा लेप दिलेला असतो. तो पांढरा, दुधाळ झाला असेल तर हवा आत शिरली आहे. ती ट्यूब लावून बघण्यातही अर्थ नाही, फोटो काढून सरळ बदलून मागा.

मग मागची पट्टी वाचा. २३०, २२० की ११५ व्होल्ट? अमेरिकेतून पाहुण्यांबरोबर आलेला अ‍ॅम्प हमखास ११५ चा निघतो. काहींच्या मागे किंवा खाली बदलायचं बटण असतं. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

अ‍ॅडॉप्टरवर चालणारा हायब्रिड असेल तर त्या अ‍ॅडॉप्टरवर ‘एसी आउटपुट’ लिहिलंय का ते बघून ठेवा. असे काही अ‍ॅम्प आतमध्ये एसीच मागतात. अ‍ॅडॉप्टर बिघडला म्हणून पिन बसते एवढ्यावर राउटरचा डीसी अ‍ॅडॉप्टर लावू नका.

आणि आतलं झाकण उघडायचं नाही. बहुतेक यंत्रांत ट्यूबच्या आतल्या प्लेटवर शंभर ते तीनशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतात.

विजेचं आधी, आवाजाचं नंतर

चिनी किंवा अमेरिकी प्लगसाठी आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून जो मल्टीप्लग आणतो, त्यात अर्थची पिन बऱ्याचदा नुसती शोभेची असते. धातूच्या पेटीचा आणि आत तीनशे व्होल्ट असलेला अ‍ॅम्प अर्थिंगशिवाय वापरणं धोक्याचं आहे. उपाय सोपा: मागं कम्प्युटरसारखं सॉकेट असेल तर भारतीय तीन पिनांची, चांगल्या प्रतीची कम्प्युटर पॉवर कॉर्ड घ्या आणि तो मल्टीप्लग फेकून द्या. महागड्या ‘ऑडिओफाइल’ कॉर्डवर मात्र एक रुपयाही घालू नका.

पण कॉर्डला तीन पिना असल्या म्हणून भिंतीत अर्थ असेलच असं नाही. आपल्याकडच्या जुन्या चौसोपी घरांत बऱ्याच ठिकाणी मूळ वायरिंग दोन तारांचं, त्यावर नंतर तीन पिनांचे सॉकेट बसवलेले. बाहेरून नवं, मागं काहीच नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन मापं घ्यायला सांगा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंगचा खड्डा बघायची वेळ आली आहे. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते आणि पावसाळ्यात बरं असलेलं अर्थिंग मे महिन्यात ढेपाळतं, म्हणून हे माप उन्हाळ्यातच घेतलेलं बरं.

व्होल्टेजचंही तसंच. ट्यूबच्या हीटरला सहसा ६.३ व्होल्ट लागतात आणि दहा टक्क्यांच्या आतबाहेर तो खपवून घेतो. अ‍ॅम्प २२० साठी गुंडाळलेला आणि रात्री उशिरा लाइन २५० वर गेली, तर आत स्थिरीकरण नसल्यास हीटरला ७.१६ व्होल्ट मिळतात. ही मर्यादेबाहेरची गोष्ट. उलट ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वाड्यावर, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) संध्याकाळी घराघरात माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली, दिव्यांच्या माळा लागल्या की व्होल्टेज १९० वर येतं आणि २३० च्या अ‍ॅम्पमधला हीटर ५.२ वर कुंथत बसतो. आवाज मिटल्यासारखा वाटतो, आणि असं वारंवार झालं तर कॅथोडचंही (हीटरनं तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचंही) नुकसान होतं. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मल्टीमीटरनं सॉकेटचं व्होल्टेज बघून वहीत लिहा. हेलकावे मोठे असतील तर छोटा स्टॅबिलायझर घ्या. नव्या ट्यूबपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तेच कानात उतरतं. वीज गेली-आली-गेली असं चाललं असेल तर अ‍ॅम्पचा स्विच बंद करा, लाइन स्थिर झाल्यावर लावा. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात नुसता स्विच पुरत नाही, प्लग काढायचा. अ‍ॅम्प डीएसीला, डीएसी (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) कम्प्युटरला आणि कम्प्युटर इंटरनेटच्या तारेला जोडलेला असतो. वीज त्या वाटेनंही येते.

पहिल्यांदा चालू करताना

हेडफोन अजून लावू नका. एखाद्या मोडक्या इअरफोनची वायर कापून तिची टोकं सोलून ठेवा. हे तुमचं मोजायचं साधन, पुढेही लागेल. व्हॉल्यूम शून्यावर, अ‍ॅम्प चालू, पाच मिनिटं थांबा. मग या वायरीवर मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून डावा आणि उजवा चॅनल मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. ५० च्या वर गेलं तर हेडफोन लावायचा नाही, विक्रेत्याला लिहायचं. ओटीएलमध्ये आउटपुटचा कपॅसिटर गळत असेल तर इथंच कळतं, आणि ते हेडफोनच्या कॉइलनं कळवण्यापेक्षा पन्नास-साठ रुपयांच्या वायरीनं कळवलेलं परवडतं.

रोजचा क्रम असा ठेवा: व्हॉल्यूम खाली, हेडफोन टेबलावर, मग स्विच. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये अर्ध्या-एक मिनिटानं आत ‘टक्’ होतं. तो रिले, आता आवाज सोडला म्हणून. रिले नसेल तर सुरुवातीला एक ठोका बसू शकतो, आणि तो कानावर बसू नये म्हणून हेडफोन टेबलावर. आवाज सुरू झाला तरी आवाजाबद्दल मत बनवायला पंधरा-वीस मिनिटं द्या, तेवढ्यात सगळं तापून स्थिरावतं. दोनशे तास ‘बर्न-इन’ केल्याशिवाय अ‍ॅम्प उमलत नाही वगैरे मी मानत नाही. त्या दोनशे तासांत अ‍ॅम्पपेक्षा कानच जास्त बदलतात.

पहिल्या दिवशी हमखास घाबरवणारी एक गोष्ट: व्हॉल्यूम अगदी खाली असताना आवाज एका कानात जास्त येतो. ट्यूब खराब नाही. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरच्या दोन पट्ट्या तळाशी नीट जुळत नाहीत, एवढंच. अ‍ॅम्पवर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा याचं) बटण असेल तर ते ‘लो’वर टाका किंवा कम्प्युटरमधला आवाज कमी करा, म्हणजे नॉब मध्याच्या जवळ आणता येईल.

घरघर, शूं आणि कडकड

गाणं बंद करून नॉब वरखाली करा. घरघर नॉबबरोबर वाढत असेल तर ती मागून, म्हणजे डीएसी किंवा कम्प्युटरकडून येते आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्यानं होणारी घरघर. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, तरी राहिली तर यूएसबी आयसोलेटर लागेल. अ‍ॅम्पची अर्थ पिन काढून हा त्रास ‘सोडवायचा’ सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

नॉब कुठंही असला तरी घरघर तेवढीच राहते? मग ती अ‍ॅम्पमधली. अ‍ॅम्प राउटर, मोबाइल आणि इन्व्हर्टरपासून हातभर दूर सरकवा. डीएसी अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवला असेल तर खाली उतरवा. सरकवून काहीच फरक पडला नाही तर ट्यूबकडे वळा.

शूं किंवा कडकड एकाच कानात असेल आणि प्रत्येक चॅनलला वेगळी ट्यूब असेल, तर अ‍ॅम्प बंद करून थंड झाल्यावर डावी-उजवी अदलाबदल करा. खोड ट्यूबबरोबर दुसऱ्या कानात गेली तर ट्यूब दोषी, तिथंच राहिली तर सॉकेट किंवा पुढचं काही. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही चॅनल असतील तर ही युक्ती चालत नाही.

अजून एक तपासणी म्हापशाच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं करून दाखवली. पेन्सिल उलटी धरायची आणि तिच्या रबरानं, अगदी हलकेच, चालू ट्यूबच्या माथ्यावर टिचकी द्यायची. चांगल्या ट्यूबमधून कानात बारीकसा ‘टुक्’ येतो आणि विरतो. नाठाळ ट्यूब ‘टण्ण’ करून दोन-तीन सेकंद घुमत राहते. ही मायक्रोफोनिक. आतल्या जाळ्या सैल झाल्या की काचेचा कंप सिग्नलमध्ये उतरतो. पंखा टेबलावर असेल किंवा कीबोर्ड बडवताना कानात किणकिण येत असेल तर संशय हाच. “घासून बघा, ठोकून बघा, मग पैसे द्या,” असं त्यानं शेवटी सांगितलं. घासायचं कशासाठी, ते पुढे येतंय.

ऐकणं

आता खरं काम. तुमच्याकडे आधीचा अ‍ॅम्प किंवा डोंगल असेलच, त्याच्याशी तुलना करा, पण आवाज समान करून. एका डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून ऐकू येत नाही, ‘छान’ म्हणून ऐकू येतो, आणि सगळे गैरसमज इथूनच जन्मतात. ४०० हर्ट्‌झचा टोन लावा, स्प्लिटरनं हेडफोन आणि आपली ती सोललेली वायर दोन्ही जोडा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही अ‍ॅम्पचे आकडे एक टक्क्याच्या आत जुळवा. एक टक्का म्हणजे डेसिबलचा दहावा हिस्सादेखील नाही. वायरीची टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका.

जुळवल्यानंतर पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची एकच असते: एवढाच फरक? हो, एवढाच. जो उरतो तो बहुधा दुसऱ्या हार्मोनिकचा. ट्रायोड ट्यूब मूळ सुरात त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूर किंचित मिसळते. षड्‌जात तार षड्‌ज. तिसरा हार्मोनिक असता तर तो तार सप्तकातला पंचम झाला असता आणि लवकर खटकला असता. तार षड्‌ज मात्र मूळ सुरात विरघळून जातो, म्हणून कानाला ती विकृती न वाटता भरीवपणा वाटतो.

हे कुठं ऐकू येतं आणि कुठं नाही? तानपुऱ्यावर जवळजवळ नाहीच, त्यात मुळातच हार्मोनिकांची एवढी गर्दी की थेंबभर भर कुणाच्या लक्षात येणार? हार्मोनियमच्या एकेरी स्वरांवर आणि बाईच्या मोकळ्या आवाजावर येतं. घुमट या गोव्यातल्या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेल्या आरत्यांचं देवळात केलेलं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, त्यात थापेची धार ओटीएलवर थोडी गोलाई घेते आणि मागची शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) किंचित मागं सरकते. कुणाला हे आवडेल, मला घुमट ट्रान्झिस्टरवरच पसंत आहे. नव्या सिनेमासंगीतात, जिथं सगळं आधीच दाबून सपाट केलेलं असतं, मला फरक सांगता आलेला नाही.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ च्या तबकड्यांवर ट्यूब ‘शोभते’ असं बरेच जण म्हणतात. गंमत अशी की विद्युत-ध्वनिमुद्रण १९२५ ला सुरू झालं आणि ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, म्हणजे त्या काळातलं सगळं विद्युत-मुद्रण व्हॉल्व्हमधूनच, म्हणजे ट्यूबमधूनच, गेलेलं आहे. तो रंग तबकडीतच उतरलेला आहे, साधा डोंगलही तो निमूट ऐकवतो. आपला अ‍ॅम्प त्यावर फार तर दुसरा हात मारतो. तरीही या तबकड्या मी ओटीएलवर ऐकतो. खालच्या-मधल्या पट्ट्यात थोडी भर पडली की सुईची खरखर कमी टोचते, निदान मला.

पावसाळ्याची सोय

जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी अ‍ॅम्प चालवा, त्याची स्वतःची ऊबच दमटपणा हटवते. प्लास्टिकनं झाकू नका, आत पाणी धरतं. समुद्राच्या जवळ, मिरामार-कोलव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी आरसीए जॅक आणि ट्यूबच्या पिना पुसाव्यात: आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती चिंधी, प्लग काढलेला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर, तोही प्लग काढून आणि जपून, आतवर फवारा न मारता.

पालींना आणि मुंग्यांना कोमट ट्रान्सफॉर्मर फार आवडतो. अ‍ॅम्प पूर्ण थंड झाला की त्यावर जेवण झाकायची जाळी पालथी घाला. दिसायला विनोदी आहे, पण हवा खेळती राहते आणि पाल बाहेर. चालू असताना मात्र वर-बाजूला वीतभर मोकळी जागा हवीच. ओटीएलमधल्या एका ६०८० ट्यूबचा नुसता हीटरच जवळपास १६ वॅट खातो, मे महिन्यात बंद कपाटात तो काय करेल याचा अंदाज करा. तास-दोन तास ऐकायचं नसेल तर बंद करा. ट्यूब तासांवर झिजते.

ट्यूब बदलणं, झालंच तर

महिना झाला, वीज सुधारली, आवाज जुळवून ऐकलं, तरीही हात शिवशिवतायत. ठीक आहे. पण नऊ पिना बसल्या म्हणजे ट्यूब चालते असं नाही. ६९२२ या नंबरच्या ट्यूबच्या हीटरला पिन ४ आणि ५ वर ६.३ व्होल्ट लागतात, १२एयू७ ला त्याच दोन पिनांवर १२.६. चुकीच्या सॉकेटात एक अर्धवट तापते, दुसरी जळते. रशियन ६एन१पी ६९२२ च्या जागी बसते, पण हीटरला दुप्पट करंट मागते, तुमच्या ट्रान्सफॉर्मरची तेवढी ऐपत आहे का ते उत्पादकाला विचारा. ६एन३पी च्या पिनांची मांडणीच वेगळी. १२एयू७ च्या जागी १२एएक्स७ बसते खरी, पण गेन वीसच्या आतबाहेरून शंभरावर जातो, सोबत शूं आणि नॉब तळाला. अ‍ॅम्पच्या माहितीपुस्तकात जी यादी आहे तेवढीच पाळा.

बदलताना प्लग काढून अर्धा तास थांबा. ट्यूब सरळ वर, किंचित डोलवत काढा, पिळू नका. मोठ्या आठ पिनांच्या ट्यूबचा काचेचा भाग न धरता खालचा काळा पाया धरा. नऊ पिनांची ट्यूब लावताना पिनांमधली मोकळी जागा सॉकेटच्या मोकळ्या जागेसमोर आणा. जोर लावावा लागत असेल तर कुठली तरी पिन वाकली आहे, तिथंच थांबा.

जुन्या साठ्यातल्या ट्यूबच्या नावावर खूप लबाडी चालते. साधी ट्यूब घेऊन तिच्यावर नामांकित छाप मारलेला असतो. कोरडा अंगठा फिरवल्याबरोबर ताज्या शाईसारखा छाप उतरला तर शंका घ्या. काही जुन्या अस्सल छपायाही सहज पुसल्या जातात, म्हणून आतल्या प्लेटचा आकार आणि गेटरची कडी त्या कंपनीच्या फोटोंशी ताडून बघा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह जुन्या रेडिओवाल्यांच्या खोक्यांत कधीमधी मिळतात. त्यांच्या नकली छापाचा धंदा कुणी फारसा करत नाही, कारण त्यात पैसा नाही. अ‍ॅम्पला चालणारा नंबर मिळाला तर मी तरी आधी तेच घेतो.

अ‍ॅम्पला लागते तेवढ्या ट्यूबची एक जोडी राखीव ठेवा, त्याहून जास्त नको. राखीव जोडी आणल्याच्या आठवड्यातच एकदा लावून तासभर चालवा, परतीची मुदत संपण्याआधी. लावल्याची तारीख खोक्यावर पेन्सिलीनं लिहा. काचेवर नको.